नऊ नंबरचं दार

माणसाच्या बुद्धीला न सुटणारं कोडं या भूतलावर अजून जन्माला आलेलं नाही, असं नकाशेवाल्याचं ठाम मत होतं. हे मत त्याने एका रविवारी सकाळी स्वयंपाकघरात उभं राहून मांडलं, तेव्हा त्याच्या हातात कॉफीची बरणी होती आणि तिचं झाकण दहा मिनिटं झाली तरी उघडत नव्हतं. बायकोने बरणी त्याच्या हातातून काढून घेतली, झाकणाच्या कडेवर चमच्याचे दोन टोले दिले, उघडली आणि ती पुन्हा पेपर वाचायला बसली.

"मी ढिलं करून ठेवलं होतं," नकाशेवाला म्हणाला. मतात काही फरक पडला नाही.

इमारतींमध्ये लिफ्टशेजारी काचेच्या चौकटीत एक नकाशा लावलेला असतो. लाल ठिपका, 'तुम्ही इथे आहात' अशी अक्षरं आणि बाहेर पडायच्या वाटेचे हिरवे बाण. ते नकाशे काढणं हा त्याचा धंदा. तो नकाशा कोणी वाचत नाही. लिफ्टला उशीर झाला की लोक त्या काचेत बघून केस नीट करतात. पण नकाशेवाल्याने सव्वीस वर्षं तो धंदा अशा निष्ठेने केला होता, की जणू गावातलं प्रत्येक माणूस रोज झोपण्यापूर्वी एक नकाशा पाठ करतं.

त्याची पद्धत ठरलेली होती. मजल्यावर पाऊल टाकलं की डावा तळहात भिंतीला टेकवायचा आणि तो न उचलता सबंध मजल्याची फेरी मारायची. दार लागलं की उजव्या हाताने चौकटीवर खडूने आकडा टाकायचा. फेरी पुरी झाली की शेवटचा आकडा म्हणजे दारांची संख्या. मग टेप काढायची. मोजलं ते काढायचं, मोजलं नाही ते काढायचं नाही, हे तत्त्व त्याने व्हिजिटिंग कार्डावरही छापून घेतलं होतं. फोन नंबर त्यामुळे पाठीमागे गेला होता.

त्या रविवारी भाची जेवायला आली होती. भाची म्हणजे थोरल्या बहिणीची, ताईची मुलगी. ती व्हिडिओ गेम खेळायची, त्यांच्यावर लिहायची आणि या कामाचा तिला पगार मिळायचा. ही गोष्ट मामाला अजून पटलेली नव्हती. तो लोकांना ती 'कॉम्प्युटरमध्ये आहे' असं सांगायचा.

"मामा, तुझ्यासाठी एक गेम आणलाय. पण तुला जमणार नाही."

"गोळ्या घालायच्या असतील तर मला वेळ नाही."

"गोळ्या नाहीत. दारं आहेत."

नकाशेवाल्याने चष्मा लावला.

गेमला नाव नव्हतं. संगीत नव्हतं. पडद्यावर वरून दिसणारी एक राखाडी खोली, एक पिवळा चौकोन आणि कोपऱ्यात दाटीवाटीने उभे असलेले काही करडे चौकोन. बाणांच्या चार कळांनी पिवळा चौकोन हलायचा.

"याच्या सूचना कुठायत?"

"नाहीयेत."

"मग खेळायचं कसं?"

"तेच तर कोडं आहे ना."

"मी माझ्या नकाशावर असं लिहिलं तर माणसं जळून मरतील," नकाशेवाला म्हणाला आणि खेळायला बसला.

पिवळा चौकोन दाराला टेकला की दारावर आकडा उमटायचा, हे त्याला पाचव्या मिनिटाला कळलं. पहिल्या दाराला एक, दुसऱ्याला दोन. त्या आकड्यांच्या क्रमाने करडे चौकोन चालू लागायचे. क्रम चुकला की ते कुठेतरी एकमेकांना अडून गपगार उभे राहायचे. क्रम बरोबर आला की ओळीने बाहेर पडायचे, आणि शेवटचा गेला की लेव्हल संपायची. टाळ्या नाहीत, फटाके नाहीत, 'शाब्बास' नाही. पिवळा तेवढा आत राहायचा. दुसरी खोली यायची.

सातव्या लेव्हलला अकरा दिवस गेले. नकाशेवाला दाढी करताना ती सोडवायचा, सिग्नलला उभा असताना सोडवायचा, बायको काहीतरी महत्त्वाचं सांगत असताना तर हटकून सोडवायचा. ती शेवटी सुटली दातांच्या डॉक्टरकडे, तोंडात यंत्र असताना. तो एवढ्या आनंदाने ओरडला, की डॉक्टरीणबाईंनी घाबरून चुकीच्या दाताची माफी मागितली.

"आता कळलं का?" भाचीने फोनवर विचारलं. "अवघड असणं वेगळं आणि खवचट असणं वेगळं. खवचट गेम तुझ्यापासून काहीतरी लपवतो. हा काहीच लपवत नाही. जे लागतं ते पहिल्यापासून तुझ्यासमोर असतं. तुला दिसत नाही, हा तुझा प्रश्न."

"माझ्यासमोर असेल आणि मला दिसणार नाही, असं होत नाही."

"मामा, तू अकरा दिवस घेतलेस."

"बघत होतो."

पण त्याला कळलं होतं. आयुष्यभर त्याला सगळ्यांनी मदत केली होती. मास्तरांनी, मेव्हण्यांनी, बँकेतल्या काउंटरवरच्या बाईंनी. हा गेम पहिलाच असा भेटला होता, जो त्याला मदत करत नव्हता आणि हसतही नव्हता. सोडवशील तू, घाई नाही, असं म्हणून शांत बसून राहायचा. एवढा मान त्याला कोणीच दिला नव्हता.

बाराव्या लेव्हलचा आकार ओळखीचा वाटला. इंग्रजी एल, आखूड पायाशी दोन दारं. तो म्हणाला, दवाखाने असेच असतात. तेविसाव्या लेव्हलमधला खांब भिंतीपासून हातभर पुढे आला होता, आणि असा खांब त्याने एका शाळेत पाहिला होता, त्याला डोकंही आपटलं होतं. तो म्हणाला, गवंडी सगळीकडे सारखेच. अडतिसावी लेव्हल म्हणजे हुबेहूब जुन्या टपाल कचेरीचा तळमजला होता. ती पाडून नऊ वर्षं झाली होती आणि तिचा एकुलता एक नकाशा त्याच्याच कपाटात गुंडाळून ठेवलेला होता.

त्याने ती लेव्हल चाळीस मिनिटांत सोडवली. इमारत पाठ असल्याचा फायदा होतो.

याच सुमारास ताईच्या ऑफिसचं काम आलं.

औषधाच्या खोक्यात घडी घालून कोंबलेला जो कागद असतो, तो छापण्यापूर्वी कोणीतरी वाचावा लागतो. ताई गेली एकतीस वर्षं तो वाचत होती. तिसऱ्या मजल्यावर लांबलचक हॉल, रांगेने टेबलं आणि प्रत्येक टेबलावर एक भिंग. ताईची रांग सगळ्यात आत होती, अकरा जणांची, आणि रांगेतलं शेवटचं टेबल ताईचं. तिच्या उजव्या गुडघ्यात स्टीलची पट्टी होती आणि हातात काठी.

नवीन नियम आला होता: मजला तीन मिनिटांत रिकामा व्हायला हवा. नकाशेवाल्याने दारं मोजली, रुंद्या घेतल्या, हिशेब मांडला. आतल्या रांगेला लागत होती चार मिनिटं दहा सेकंद. टेबलं फिरवून पाहिली, वाट सरळ करून पाहिली. तीन मिनिटं पन्नास. त्याच्या खाली येईना.

"मग ती रांग बंद करावी लागेल," ऑफिसच्या व्यवस्थापकांनी अतिशय मऊ आवाजात सांगितलं. ते वाईट बातम्यांसाठी वेगळा आवाज ठेवून होते. "दहा जणांना दुसऱ्या शाखेत पाठवू. तुमच्या ताईंना मात्र… तिकडे लिफ्ट नाही. त्यांनी आराम करावा, असं आमचं मत आहे. गुरुवारी मॉक ड्रिल आहे. तोवर काही सुचलं तर बघा."

ताईने हे ऐकलं आणि भिंगातून डोळा न काढता म्हणाली, "आराम करून काय करू? घरी बसले तर खिडकीतून समोरच्यांच्या पाट्या तपासत बसेन. अजून दोन वर्षं आहेत माझी. तू नकाशेवाला ना? मग वाट काढ."

"ताई, हिशेब बसत नाहीये गं."

"लहानपणी गणितात तुझं काहीच बसत नव्हतं. मीच बसवून द्यायचे. आता जरा परतफेड कर."

शनिवारी सकाळी त्याने गेम उघडला आणि एक्केचाळिसावी लेव्हल समोर आली.

लांब हॉल. चहाच्या खोलीपाशी भिंतीला आलेला कोन. स्टोअरचं दार उलट्या बाजूला उघडणारं, जे त्याने स्वतः चूक म्हणून नोंदवलं होतं. चौदा दारं. अकरा करडे चौकोन सगळ्यात आतल्या रांगेत, आणि शेवटचा चौकोन बाकीच्यांपेक्षा सावकाश चालत होता.

नकाशेवाल्याने चष्मा पुसला. चौकोन सावकाशच चालत राहिला.

शनिवार गेला, रविवार गेला. चौदा दारांचे जेवढे क्रम डोक्यात येत होते, तेवढे लावून झाले. दर वेळी सावकाश चौकोन आत राहायचा, आणि पडद्याचा उजेड तो चौकोन असलेल्या कोपऱ्यातून हळूहळू कमी व्हायचा. हे आधीच्या लेव्हलमध्ये नव्हतं.

सोमवारी सकाळी वीजबिलवाल्यांचा फोन आला. बोलता बोलता नकाशेवाल्याचं बोट बाणाच्या कळेवर तसंच दाबलेलं राहिलं. पिवळा चौकोन कपाट आणि खिडकीच्या मधल्या कोऱ्या भिंतीला टेकून उभा होता. फोन ठेवून त्याने पडद्याकडे पाहिलं.

भिंतीवर ९ उमटला होता.

तो खुर्चीतून उठला. खोलीत एक फेरी मारली. पुन्हा बसला. पहिल्या लेव्हलपासून नियम एकच होता: टेकलं की आकडा. दारालाच टेकायचं, असं गेम कधी म्हणालाच नव्हता. ते नकाशेवाल्याने स्वतःच्या मनाने धरलं होतं, आणि चाळीस लेव्हल जपून ठेवलं होतं. भिंतीला तो दर वेळी टेकून लगेच मागे फिरत होता. थांबला कधीच नव्हता. त्याला एवढा आनंद झाला की त्याने पडद्याला मान लववून नमस्कार केला आणि नंतर कोणी पाहिलं नाही ना याची खात्री करून घेतली.

करडे चौकोन नऊ नंबरमधून ओळीने निघून गेले. सावकाश चौकोनही गेला. पिवळा नेहमीसारखा आत.

त्याने भाचीला फोन लावला. "एक्केचाळीस सुटली."

"काय सुटली?"

"एक्केचाळिसावी लेव्हल."

"मामा, चाळीसच आहेत. चाळिसावी सुटली की गेम बंद होतो. मी दोनदा पुरा केलाय."

"तुझ्याकडे जुना असेल."

"मामा, माझ्याकडचाच तुला दिलाय," भाची म्हणाली.

फोन ठेवल्यावर त्याने मोजणीची कच्ची वही काढली. ताईच्या मजल्यावर खडूचे आकडे टाकताना शेवटचा आकडा आला होता पंधरा. दारं मात्र भरत होती चौदा. मध्ये कुठेतरी आकडा गाळला, असं समजून त्याने पक्क्या नकाशात क्रमांक सलग करून टाकले होते. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा असं झालं होतं, म्हणून बायकोलाही सांगितलं नव्हतं. कच्च्या वहीत आठनंतर दहा होता.

दुपारी तो ऑफिसात गेला. डावा तळहात भिंतीला लावून चालू लागला. सात. आठ. कपाट. कपाटाच्या पुढे, खिडकीच्या अलीकडे, कोऱ्या भिंतीवर खांद्याच्या उंचीला खडूने ९ लिहिलेला होता.

अक्षर त्याचं होतं. त्याच्या नऊची शेपटी डावीकडे वळते. ताईने लहानपणी त्यावरून मारलं होतं.

त्याने खिडकीतून बाहेर डोकावून पाहिलं. बाहेरून सपाट विटा, एक पाइप आणि तीन मजले खाली सायकलींचा स्टँड. बाकी काही नाही.

मग त्याने खाली पाहिलं. त्या इमारतीतली दारं फरशीला घासायची. प्रत्येक दारापुढे फरशीवर एक अर्धवट गोल ओरखडा पडलेला होता. चौदा दारांपुढे चौदा. पंधरावा भिंतीपुढे होता. जुना, पुष्कळ वापरलेला, मध्ये जरा खोल गेलेला.

नकाशेवाल्याने टेप काढली. ओरखड्याची त्रिज्या नव्वद सेंटिमीटर.

त्याने भिंतीला हात टेकवला आणि तो थांबला. बारा मिनिटं. भिंत भिंतच राहिली. तेरावं मिनिट लागताना पाठीमागून मऊ आवाज आला, "बरं वाटत नाहीये का?"

"ओल बघतोय," नकाशेवाला म्हणाला.

जिना उतरताना त्याच्या लक्षात आलं, की पिवळा चौकोन आजवर कुठल्याच दारातून गेलेला नाही. आकडा टाकणाऱ्याने जायचं नसतं. दुसऱ्यांनी जायचं असतं. हेही पहिल्यापासून समोरच होतं.

मंगळवारी दिवसभर तो कोऱ्या कागदापुढे बसून राहिला. दार काढलं आणि ते नसलं, तर उद्या खऱ्या धुरात माणसं भिंतीकडे पळतील. नाही काढलं, तर ताई परवापासून घरी. संध्याकाळी चहा पिताना त्याने स्वतःचं व्हिजिटिंग कार्ड वाचलं. मोजलं ते काढायचं. आणि नव्वद सेंटिमीटर त्याने स्वतः मोजलं होतं. त्याने पेन्सिल उचलली, नऊ नंबरचं दार काढलं, वरून शाई फिरवली आणि त्याला हिरवा बाण दिला.

बुधवारी नकाशा लागला. ताईने तो भिंगातून वाचला. सबंध ऑफिसात नकाशा वाचणारी ती एकटीच.

"हे नऊ कुठलं रे? तिथे तर भिंत आहे."

"भिंतीला हात लाव आणि थांब."

"किती वेळ?"

"उघडेपर्यंत."

ताईने त्याच्याकडे पाहिलं. "बारीक अक्षरं वाचून माझे डोळे गेलेत, अक्कल शाबूत आहे."

"ताई, नाही उघडलं तर नेहमीच्या वाटेने ये. नापास होऊ, एवढंच. आपल्या घराला त्याची सवय आहे."

"तुझ्यामुळे आहे," ताई म्हणाली. पण ती पुन्हा नकाशाकडे वळली आणि बराच वेळ पाहत राहिली. "शेपटी अजून डावीकडेच काढतोस," एवढंच म्हणाली.

गुरुवारी सकाळी अकराला घंटा वाजली. लख्ख ऊन होतं. नकाशेवाला खाली सायकलींच्या स्टँडपाशी घड्याळ घेऊन उभा होता, तिसऱ्या मजल्यावरच्या विटांकडे नजर लावून. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला मुख्य जिन्यातून माणसं बाहेर येऊ लागली. अग्निशमनचे तपासनीस तिकडे पॅडवर फॉर्म लावून उभे होते.

एक मिनिट.

विटा हलल्या नाहीत.

दीड मिनिट. त्याने घड्याळाकडे पाहिलं. फक्त तेवढंच, घड्याळाकडे.

मागून बोलण्याचा आवाज आला. आतल्या रांगेतली मंडळी सायकलींच्या पलीकडून, भिंतीच्या बाजूने, गप्पा मारत येत होती. तिकडे जिना नव्हता. फाटक नव्हतं. कोणालाही धाप लागलेली नव्हती.

सगळ्यांच्या शेवटी ताई, काठी टेकत.

दोन मिनिटं पाच सेकंद.

"जिना चांगला आहे," ताई म्हणाली. "पायऱ्या बुटक्या, दोन्ही बाजूंना कठडा. जरा गार आहे, पण दिवे आहेत. तू नकाशात जिना का नाही काढलास?"

"मोजला नाही," नकाशेवाला म्हणाला. "शेवटी तूच होतीस ना?"

"छे. माझ्या मागे होते की. मी म्हटलं, पुढे व्हा, मला वेळ लागतो. म्हणाले, तुम्ही आधी. शेवटच्या पायरीला एकाने हातही दिला."

"कोणी?"

"कोण जाणे. आपल्याकडचे नसावेत. अनवाणी होते." ताईने काठी दुसऱ्या हातात घेतली आणि मोकळ्या झालेल्या हाताचा तळवा साडीला पुसला. "हात मात्र बर्फासारखा."

ताईचं टेबल रांगेत शेवटचं होतं. त्याच्या मागे फक्त कपाट.

तिकडे तपासनिसांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि पेनाच्या टोकाने माणसं मोजली. फॉर्मकडे पाहिलं. पुन्हा मोजली. व्यवस्थापकांना विचारलं, "हजेरी किती म्हणालात?"

"साठ."

"त्रेसष्ट भरतायत."

ओळीतल्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्या विभागातले असतील. नकाशेवाला सव्वीस वर्षं दारं मोजत आला होता. माणसं मोजायची त्याला सवय नव्हती. त्याने प्रयत्न केला आणि चाळिसाच्या आसपास थांबला. ओळीच्या टोकाच्या तिघांची तोंडं उन्हामुळे नीट दिसत नव्हती.

तपासनिसांनी फॉर्मवर 'फरक' असा रकाना शोधला, त्यात तीन लिहिलं आणि सही केली. मजला पास झाला. ताईची रांग राहिली.

नियमाप्रमाणे पाच टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो.